१५ हॉर्सपॉवरची जुनी आऊटबोर्ड: यामाहा, सुझुकी, तोहात्सू की आणखी काही?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर १८ ते २२ फुटी फायबर होडीच्या मागच्या फळीला ८ ते १५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटर टांगलेली दिसते. कुणी तिला मशीन म्हणतं, कुणी ओबीएम (आऊटबोर्ड मोटर). नवी परवडत नाही म्हणून जुनी बघायची वेळ येते आणि विचारणारा हमखास विचारतो, यामाहा बरी की सुझुकी? विचारावं, पण ते तिसरं. आधी शाफ्ट, म्हणजे मोटरीच्या पायाची लांबी, आपल्या होडीला लागतो का ते बघावं, मग खारं पाणी जाऊ नये तिथं गेलंय का ते. या दोन्हींत नापास झालेली यामाहा पास झालेल्या कुठल्याही मोटरपेक्षा महाग पडते, फुकट मिळाली तरी.

शाफ्टचं काम पाच मिनिटांचं आहे. जिथं मोटर बसणार तिथं फळीच्या वरच्या कडेपासून उभी फूटपट्टी लावून तळापर्यंत मोजा. १५ इंचांच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट, २० च्या आसपास आलं तर लाँग. मोटर टांगल्यावर पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) वरची आडवी कॅव्हिटेशन प्लेट तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली आली पाहिजे. उंच फळीवर शॉर्ट मोटर लावली की लाटेवर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी तिथल्या तिथं. त्यात पाणी ओढायची जाळी उघडी पडली तर पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र, म्हणजे इंपेलर, सुका फिरून थोड्याच वेळात जळतो. बुटक्या फळीवर लाँग मोटर लावली तर पंखा उगाच खोल जातो आणि ओहोटीला खाडीच्या तोंडावर रेतीत पहिला तोच घासतो. ‘शाफ्ट नंतर बदलून देतो’ या बोलण्याला भुलू नका. मधलं केसिंग, ड्राइव्ह शाफ्ट, पाण्याची नळी आणि गिअरचा दांडा असं सगळं बदलावं लागतं. उलांडीच्या (बाजूला आधाराचं लाकूड असलेल्या) लाकडी होडीला मोटर बाजूला टांगणार असाल तर फळीचं माप सोडा; भरलेल्या होडीत पाण्याची पातळी कुठं येते तिथून मोजा.

ताकदीबद्दल थोडं. जाळी, बर्फ आणि तीन माणसं घेऊन पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. पाण्यातली लांबी १६ फूट असेल तर साडेपाच नॉटच्या आसपास ती अडते. पुढं वेगाची मूठ कितीही पिरगळा, मागची लाट मोठी होते आणि पेट्रोल जळतं, बस. अशा होडीला ८ ची मोटर पुरते. १५ ची गरज लागते ती ओहोटीच्या ओढीविरुद्ध खाडीत शिरायला, वाऱ्यात फिरायला किंवा हलकी होडी पाण्यावर उचलून पळवायला. ९.९ आणि १५ यांत गोंधळू नका. यामाहाच्या या दोन्ही टू-स्ट्रोक मोटरी २४६ सीसीच्या, एकाच ब्लॉकवरच्या. फरक मुख्यतः कार्ब्युरेटर आणि हवा-इंधनाच्या वाटेत. वजन जवळपास तेवढंच. म्हणून जुन्यात दोन्ही सारख्या भावात दिसल्या तर १५ ची उचलावी आणि पाऊण मुठीवर चालवावी.

आता नावांकडे.

यामाहाची एंड्युरो मालिका कोकणात सगळ्यात जास्त दिसते आणि ते बरोबरच आहे. १५ ची एंड्युरो दोन सिलिंडरची, वजन ३६ किलोच्या आसपास, क्लॅम्प आणि खालचा गिअरबॉक्स दणकट. तिची खरी किंमत मात्र सुट्या भागांत आहे. किनाऱ्यावरच्या कुठल्याही बंदरात तिचा इंपेलर, प्लग, कार्ब्युरेटरचं किट मिळतं आणि ती डोळे मिटून खोलणारा मेकॅनिक सापडतो. पाटीवरचं नाव वाचता आलं पाहिजे. ‘ई १५ डी एम एच एल’ असेल तर ई म्हणजे एंड्युरो, १५ म्हणजे हॉर्सपॉवर, डी ही पिढी, एम म्हणजे दोरीनं चालू होणारी, एच म्हणजे हाती दांड्याची आणि शेवटचा एल म्हणजे लाँग शाफ्ट. शॉर्टला तिथं एस. यामाहाच्या भागाच्या नंबरातली पहिली तीन अक्षरं तो भाग मुळात कुठल्या मॉडेलसाठी बनला ते सांगतात. त्यामुळे दुकानदारानं दुसऱ्याच कोडचा इंपेलर पुढं केला तर लगेच नकली म्हणून भांडू नका. अनेक भाग पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलेत. ८ ची एंड्युरो १६५ सीसीची, २७ किलोची. एकट्या माणसाला खांद्यावर घेऊन घरी नेता येते. रोज मोटर काढून नेणाऱ्यासाठी हे नऊ किलो पेट्रोलच्या हिशेबाइतकेच महत्त्वाचे.

सुझुकीची डीटी १५ ही २८४ सीसीची. डीटी म्हणजे टू-स्ट्रोक, डीएफ म्हणजे फोर-स्ट्रोक, हे सुझुकीत कायम लक्षात ठेवा. ब्लॉक मोठा असल्यामुळे कमी फेऱ्यांवर ओढ चांगली, भरल्या होडीला ते जाणवतं. मोटर म्हणून ती यामाहाच्या तोडीची, काही बाबतींत वरचढ. अडचण एवढीच की आपल्या बंदरात तिचे भाग ठेवणारा आहे का, हे आधी जाऊन बघावं लागतं. असेल तर बिनधास्त घ्या, कारण जुन्या बाजारात यामाहाला नावाचा जास्तीचा भाव लागतो आणि सुझुकी त्यामानानं स्वस्तात सुटते.

तोहात्सू साधी, खोलायला सोपी, पण वजनाला थोडी जड. तिची १५ ची २४७ सीसीची आणि १८ ची २९४ सीसीची. दोन्हींचे सगळे भाग एक नाहीत, मागवताना नंबर बघून मागवा. मर्क्युरी कंपनीच्या छोट्या मोटरींपैकी बऱ्याच तोहात्सूच्याच कारखान्यातून आलेल्या आहेत, तेव्हा मर्क्युरीचा भाग मिळत नसेल तर तोहात्सूकडे विचारणं शहाणपणाचं. मर्क्युरी-मरीनरची जुनी २६२ सीसीची १५ मात्र वेगळी, तिला हा उपाय लागू नाही.

जॉन्सन आणि एव्हिनरूड. जुन्या काळातल्या उत्तम मोटरी, यात शंका नाही. १९९२ पर्यंतची ९.९ आणि १५ ही २१६ सीसीची, १९९३ पासूनची २५५ सीसीची. पण बनवणारी कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये बुडाली, नाव दुसऱ्यांनी घेतलं आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनही थांबलं. रोजीरोटीच्या होडीसाठी यातली घेऊ नये. ठिणगी देणारी गुंडाळी (कॉइल) किंवा पॉवरपॅक गेला तर भाग परदेशातून येईस्तोवर हंगाम निघून जातो. हौसेच्या होडीला ठीक.

रॉकेलवर चालणाऱ्या मोटरी केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर भरपूर चालतात, तिथून आपल्याकडेही येतात. त्या पेट्रोलवर चालू करून गरम झाल्यावर रॉकेलवर टाकायच्या असतात. त्यांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मुळात कमी ठेवलेलं असतं आणि आत कार्बन जास्त साचतो. रॉकेल मिळण्याची खात्री नसेल तर हात लावू नका. आणि जुनी फोर-स्ट्रोक? पेट्रोल बरंच कमी लागतं, धूर नाही. पण १५ च्या मोटरीला पन्नास किलोच्या आसपास वजन आणि कार्ब्युरेटरची बारीक भोकं. शिळ्या पेट्रोलनं ती आधी बुजतात. रोज वापर असेल तरच.

बघायला जाल तेव्हा पहिली अट: मोटर थंड हवी. आधी फोन करून सांगा की तुम्ही येईपर्यंत चालू करू नका. गरम मोटर कुणाचीही एका दोरीत चालू होते. झाकणावर हात ठेवून गरम लागली तर काय लपवलंय असा सरळ प्रश्न करा. ताजा रंग दिसला की सावध व्हा. विशेषतः स्क्रूच्या खाचांत रंग भरलेला असेल किंवा पाटीवरचा नंबर घासलेला असेल तर तिथूनच परत फिरा. पाटीवरचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे.

मग मोटर डावी-उजवी पूर्ण वळवा, वर उचलून खाली सोडा. वळत नसेल तर मोटर वळायच्या सांध्याच्या (स्विव्हलच्या) बुशात मीठ आणि सुकलेलं ग्रीस बसलेलं असतं. गरम करून, ठोकून सुटतं, पण कधीकधी खांबच वाकतो. क्लॅम्पचे स्क्रू हातानं फिरतात का बघा. खालचा ॲनोड, म्हणजे कॅव्हिटेशन प्लेटखाली किंवा क्लॅम्पला लावलेला जस्ताचा तुकडा, अर्धाअधिक खाल्लेला असेल तर चांगली खूण. तो आपलं काम करत होता. अजिबात नसेल तर त्याऐवजी गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय, आणि रंगाखाली फुगे दिसतीलच. रंग मारलेला ॲनोड म्हणजे नसलेला ॲनोड.

गिअर ऑईल हा खरा दाखला. खालचा स्क्रू थोडा ढिला करा, चमचाभर ऑईल काढा. काळपट पण स्वच्छ असेल तर ठीक. दुधाळ, चहासारखं झालं असेल तर पाणी आत शिरतंय: पंख्याच्या शाफ्टची सील, ड्राइव्ह शाफ्टची सील किंवा नुसत्या स्क्रूची वॉशर. सील स्वस्त आहेत. त्या बदलायला खोलताना खारानं जाम झालेले बेअरिंग कॅरिअरचे बोल्ट तुटतात, ते महाग पडतं. ऑईलऐवजी आधी नुसतं पाणीच बाहेर आलं, तर गिअर आणि बेअरिंग गंजलेत असं धरून चाला. स्क्रूच्या चुंबकाला राखेसारखी बारीक धूळ चिकटलेली चालेल. तुकडे किंवा काट्यासारखी धातूची टोकं नाही चालणार. पंखा काढून शाफ्ट हातानं फिरवा आणि टोकाशेजारी स्थिर काडी धरा. टोक काडीशी जवळ-लांब होत असेल तर शाफ्ट वाकलाय, नवी सील पण महिन्यात गळेल. पंख्याच्या शाफ्टवर सीलमागं तंगूस (मासेमारीचा नायलॉन धागा) गुंडाळलेला असतोच असतो. तो सील कापतो, म्हणून दर महिन्याला पंखा काढून बघायची सवय असलेल्या माणसाची मोटर घ्यावी.

मग प्लग. दोन्ही काढून शेजारी ठेवा. तांबूस-करडे, सारखे, तर छान. एक ओला काळा असेल तर त्या सिलिंडरला ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त. एक प्लग धुतल्यासारखा पांढरा चकचकीत असेल तर सांभाळा: सिलिंडरमध्ये पाणी येतंय, हेडचं किंवा एक्झॉस्ट कव्हरचं गॅस्केट गेलंय. ते बदलायला जे छोटे बोल्ट काढायचे असतात ते खाऱ्या पाण्यात निम्मे तुटतात. कॉम्प्रेशन बघताना दोन्ही प्लग बाहेर, दोन्ही वायरी अर्थ केलेल्या (मोकळ्या ठेवल्या तर सीडीआय, म्हणजे ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा, जळू शकतो), मूठ पूर्ण उघडी आणि दोरी पाच-सहा वेळा जोरात. आकडा गेजप्रमाणे थोडा बदलतो, १०० ते १२५ पीएसआयच्या दरम्यान समाधान मानावं. दोन सिलिंडरांतला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. एक ११५ आणि दुसरा ८५ असेल तर घेऊच नका, दोन्ही ९५ असतील तर एकवेळ चालेल. प्लगच्या भोकातून ऑईल ओतून आकडा फुगवणारे आहेत. प्लग फार तेलकट दिसले आणि चालू केल्यावर पहिला मिनिट प्रचंड पांढरा धूर निघाला तर ओळखा.

इंजिनाच्या माथ्यावरच्या जड चाकाखाली (फ्लायव्हीलखाली) टॉर्च मारा. तिथं रेती, गाळाची रेघ किंवा तिथल्या तारांच्या गुंडाळीवर (स्टेटरवर) एकसारखा गंज दिसला तर मोटर बुडालेली आहे. बंद असताना बुडून लगेच धुतली असेल तर वाचते. चालू असताना बुडाली असेल तर पाणी दाबलं जात नाही म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. मोटर चालते, पण थरथरते आणि एक दिवस ब्लॉक फोडते.

एवढं झाल्यावर चालू करा, तीही पाण्यात, होडीवर. ड्रममध्ये चालवून दाखवलेली मोटर म्हणजे निम्मीच दाखवलेली मोटर. होडी जेटीला बांधा, पुढचा गिअर टाका आणि अर्ध्या मुठीवर दोन मिनिटं ठेवा. मध्येच ‘टक्‌’ होऊन गिअर सुटला तर गिअर पकडणाऱ्या डॉग क्लचच्या कडा झिजल्यात, गिअरबॉक्स उघडावा लागेल. इंजिन वाढतं पण ओढ वाढत नाही, तर पंख्याच्या आतलं रबर सुटलंय. हे स्वस्तातलं दुखणं. इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की सगळे इंपेलरवर बोट ठेवतात. आधी धारेच्या तोंडात जाडसा तंगूस घालून बघा, बहुतेक वेळा तिथंच मीठ अडकलेलं असतं. तरी धार बारीक आणि हेडला हात लावता येत नाही इतकं गरम, तर इंपेलर किंवा थर्मोस्टॅट. यामाहाचा थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास उघडतो, भांड्यात गरम पाणी घेऊन समोर बघता येतं. नवा इंपेलर आणि नवा थर्मोस्टॅट घालूनही तापत असेल तर ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा मिठानं भरल्यात. सुरुवातीला मी ज्या दुसऱ्या अटीबद्दल बोललो, ती हीच, आणि यावर इलाज सहसा परवडत नाही.

मे महिन्यात चालू मोटर बघणं आणि ऑगस्टमध्ये पावसाळी मासेमारी बंदीतून उठलेली मोटर बघणं यात फार फरक आहे. १ जूनला बंदी लागली की मोटरी झोपडीत पडतात. आतलं खारं पाणी आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल तसंच. इंपेलरच्या पात्या एकाच जागी वाकून बसतात. शक्य असेल तर मेमध्ये ठरवा, पैसे नंतर द्या.

आणि आता पेट्रोल, कारण जुन्या मोटरींच्या बाबतीत गेल्या दोन-तीन वर्षांत खेळ इथंच बदललाय. पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. जुने रबरी पाइप आणि मोटरीतल्या इंधनपंपाचा पडदा त्यानं फुगतात किंवा मऊ होतात. दुसरं असं की इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पुरेसं पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात, पेट्रोलात मिसळलेलं टू-टी ऑईल वरच्या पेट्रोलात राहतं, आणि नळी तळातून ओढते. म्हणजे मोटरीला मिळतं ते ऑईलशिवायचं पाणी-अल्कोहोल. पिस्टन जाम होतो आणि दोष मोटरीला मिळतो. पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेऊन दहा मिनिटं ठेवा, तळाला रेघ दिसली तर फेकून द्या. टाकी भरलेली ठेवा, दोन आठवड्यांहून जुनं मिश्रण वापरू नका, टाकी आणि मोटरीमध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा आणि घेतल्या दिवशी इंधनाचे सगळे पाइप व पंपाचं किट इथेनॉलला टिकणारं टाका. या पेट्रोलवर हवा-इंधनाचं मिश्रण थोडं पातळ (हवा जास्त, इंधन कमी) जळतं, म्हणून पहिल्या काही दिवसांत प्लगचा रंग बघत राहा. पांढरा पडायला लागला तर कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा लावा.

ऑईल टीसी-डब्ल्यू३ (पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं) लिहिलेलंच. स्कूटरचं टू-टी हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाचं असतं, त्यातल्या राखेचा प्लगवर आणि पिस्टनवर थर बसतो. प्रमाण पेट्रोल ५० ला ऑईल १, म्हणजे लीटरला २० मिली, २४ लीटरच्या टाकीला ४८० मिली. पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या असतील तर पहिले दहा तास २५ ला १. काही जुन्या यामाहांच्या पुस्तिकेत १०० ला १ लिहिलेलं सापडेल. भरल्या होडीला ते मान्य करू नये.

पंखा होडीच्या भाराप्रमाणे. १५ च्या यामाहाला पूर्ण मुठीवर मिनिटाला ४५०० ते ५५०० फेरे मिळायला हवेत. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा स्वस्तातला टॅकोमीटर लावून, जाळी आणि माणसं होडीत असताना मोजा. ४२०० लाच अडकत असेल तर पिच (पंखा एका फेऱ्यात जितका पुढं सरकेल ते अंतर) मोठा आहे. पिच एक इंच उतरवला की फेरे दीड-दोनशेनं वाढतात. विकणारा सहसा हलक्या होडीचा मोठ्या पिचचा पंखा देतो. त्यावर भरली होडी ओढत राहिलात तर इंजिन दबून चालतं, तापतं आणि पिस्टनला भोक पडतं.

मोटर घरी आणताना वरचा भाग नेहमी खालच्या भागापेक्षा उंच ठेवा, नाहीतर नळीतलं पाणी सिलिंडरात उतरतं. मग पहिल्या दिवशी इंपेलर बदला, जुना कितीही चांगला दिसला तरी. गिअरचा दांडा सोडून, गिअरबॉक्सचे बोल्ट काढून तो खाली घ्या. पंपाचं भांडं परत बसवताना ड्राइव्ह शाफ्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवत बसवा म्हणजे पात्या योग्य बाजूला वळतात, आणि इंपेलरला शाफ्टशी अडकवणारी छोटी किल्ली (की) चिखलात पडू देऊ नका. शाफ्टच्या दात्यांना बाजूनं ग्रीस लावा, टोकाला नको; टोकाला साचलेलं ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही आणि बोल्ट आवळताना ब्लॉकवर दाब येतो. गिअर ऑईल खालच्या भोकातून वरच्या भोकातून येईपर्यंत भरा, १५ च्या मोटरीला पाव लीटरच्या आसपास लागतं. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा, दोन्हींच्या वॉशर नव्या. प्लग बी ७ एच एस-१०. शेवटचा १० म्हणजे एक मिलिमीटर फट.

त्यानंतर रोज किनाऱ्याला आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं. थंड पाणी थंड इंजिनात फिरवून उपयोग नाही. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, तेव्हाच मीठ निघतं. आणि होडीत प्लगची जोडी, प्लगचा पाना, पंख्याची स्प्लिट पिन, वीतभर जाड तंगूस आणि सुटी दोरी ठेवा. जुन्या मोटरीची दोरी तुटते ती खाडीच्या तोंडावरच, जेटीवर कधीच नाही.